कबऱ्याचं औषध

आसेगाव,
चैत्र वद्य पंचमी, शके १८६१

माह्या प्रिय पंचफुले,

पाकीट हाती आलं का हातातला झाडू खाली ठेवजो, गोठ्याच्या मांगं जाऊन बसजो, आन मंगच वाचजो. हे पत्र चालता चालता वाचाचं नाही. आजीची तब्येत इचारशीन तर अशी खुश हाय का तीन दिवसांपासून मले तंबाखूची आठवण झाली नाही. गुडघे दुखतात, दुखू दे. काल विहिरीवर मी एकटीच हसत उभी होती आन बाया माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. त्याईले वाटलं बुढीचं डोकं फिरलं. फिरू दे. अक्षर लागलं नाही तर मले बोल लावू नोको, तूच तुह्या पाटीवर शिकवलं, मास्तरीण तू होती. र्‍हस्व-दीर्घ शिकवाच्या आधीच तुहं लग्न झालं, त्याले मी काय करू?

आधी घरचं सांगते. वांगे लय आले. मेथी उन्हानं गेली. चंद्री म्हैस माघात व्याली, वगार झाली, कपाळावर चांद हाय, अगदी मायसारखा. सैफुद्दीन मनियार बाजाराच्या दिवशी येते, बांगड्यांची पेटी तट्टावर लादून, तो दरवेळी इचारते का पंचफुलाचं मनगट अजून तेवढंच हाय का भरलं. मी सांगते, सासरी कोणाचं मनगट भरते रे बाबा? मांगच्या परसातलं लिंबाचं झाड यंदा इतकं फुललं का आंगण झाडून झाडून कंबर गेली. आन आपला कुत्रा कबऱ्या मजेत हाय. कबऱ्याचं तर सारं पत्रच हाय, ते येतेच.

तुले आठवते का, तुह्या लग्नाची गाडी निघाली तव्हा मी त्याले खांबाले बांधलं होतं. दोर चावून तो गाडीमांगं पळाला. मी विधवा बाई, तुह्यासंगं येऊ शकत नव्हती, तुही माय तर तू दोन वर्षांची असतानाच गेली. पाठराखीण म्हणून कोणाले धाडाचं, तर मी शेजारच्या गोजराबाईच्या पाया पडली. पडली म्हणजे खरंच पडली, बाई. मी म्हटलं, गोजरा, पोरीचं कोणी नाही, तीन दिवस तिच्या मांगं उभी राह्य. ती म्हणे, 'जा वो काकू, माही सीता तशी पंचफुला.' लुगडं घेतलं, खण घेतला आन गाडीत बसली. तथी काय झालं ते मले तू सांगितलं नाही. तू कव्हाच काही सांगत नाही. मले सांगितलं गाडीवाल्या इंद्रभाननं, कबऱ्याले दोरीनं बांधून परत आणलं तव्हा. तो म्हणे, तुह्या सासरी, जऊळक्याच्या आंगणात बैलाच्या शेणाचा पोवटा पडला होता, कुत्र्यानं त्यात तोंड घातलं, आन तसाच पळत येऊन तुहे हळदीचे हात चाटले. चाटन नाही तर काय करन, दिवसभर तुह्यामांगं पळत आलता तो. तुही सासू ओरडली, हे काय घाणेरडं! तथी गोजरा हसली, साऱ्या बायांसमोर, आन म्हणे, 'हे तर याईचं रोजचंच हाय. एका ताटात जेवतात दोघं.'

एका ताटात! पंचफुले, मी तुले कव्हा फुटक्या ताटात बी वाढलं नाही.

आन मंग तुह्या सासूनं जे सांगितलं ते बी इंद्रभाननं ऐकलं. पोट्टीनं माह्या पाण्याले हात लावाचा नाही, पिठाले लावाचा नाही. ज्या दिवशी हे कुत्रं माह्या डोळ्यासमोर शेणापासून तोंड फिरवन, त्या दिवशी पाहू. तिले वाटलं असन असं कुत्रं जगात जन्मालेच येत नाही. झाले अकरा महिने. तू गोठा झाडते, शेण काढते, वावरात निंदते, आन भाकर दुसऱ्याच्या हातची घेते, दारात बसून. आन मले पत्रात लिहते का आजी मी सुखात हाय, सासूबाई चांगल्या हायेत.

मी तेवढं बी गिळलं असतं. बायकांचं असं असतेच, वर्ष-दोन वर्षांत लेकरू झालं का सारं निवते. पण दिवाळीले तू घरी आली. उन्हातून आली, चेहरा लाल. मी चुलीपाशी होती. तू माठाजवळ गेली, तांब्या उचलला नाही, आन मांगं वळून मले इचारलं, 'आजी, पाणी घेऊ?' आपल्या घरात. ज्या माठाले तू चार वर्षांची असल्यापासून हात घालत आली, त्या माठाजवळ उभी राहून. तुले त्या वेळी समजलं बी नसन तू काय इचारलं ते. मी 'घे' म्हटलं आन चुलीकडं तोंड केलं. धूर डोळ्यात गेला असं तुले सांगितलं. त्या दिवशी माह्या मनात गोजराबाईसाठी जे बसलं ते बसलंच. तू जऊळक्याले परत गेली आन मी कबऱ्याले समोर बसवून म्हटलं, चल बाबू, आता तुही शाळा.

कुत्र्याले शेणापासून तोडणं म्हणजे काय असते ते मले इचार. चंद्रीचं शेण, बकऱ्याच्या लेंड्या, सैफुद्दीनच्या तट्टाची लीद. ती लीद तर त्याले पेढ्यासारखी. बाजाराच्या दिवशी तट्टू वेशीत दिसलं का हा पाहुणा घ्याले गेल्यासारखा सामोरा जाणार. परसाकडची घाण तर सांगतच नाही, पत्र तू जेवणानंतर वाचलं असशीन तर. आधी मी काठी घेतली. त्यानं तोंड घातलं का मी पळत जाऊन ओरडाची. तर तो मले येताना पाहून दुप्पट घाईनं गिळाचा. काठी लागाच्या आधी पोटात. मंग मळणीच्या बैलाले बांधतात ते सुतळीचं मुस्कं केलं, त्याच्या तोंडाच्या मापानं, दोन दिवस खपून. तो मुस्क्यासकट शेणात घुसला आन भरलेलं मुस्कं घेऊन घरात आला. म्हणजे पहिले जे बाहेर राहत होतं ते मी घरात येण्याची सोय केली. गोजराबाई भिंतीवरून पाहून म्हणे, 'काय वो काकू, नातजावई घोड्यावर आला होता तव्हा एवढा सजवला नव्हता.' मी हसली. हसावंच लागते.

अक्कल देली ती सैफुद्दीननं. त्याच्या घरी कारंज्याले दोन शिकारी कुत्रे होते, त्याच्या बापाचे. तो बांगड्या बांधता बांधता पाहत होता, मी काठी घेऊन पळून राह्यली आन कबऱ्या गिळून राह्यला. त्याले इतकं हसू आलं का बांगडी फुटली. म्हणे, 'बुढीमाय, तू दौडती है ना, तो वो समझता है तू भी खाने आई. इसलिए जल्दी करता है.' मी बसलीच खाली. खरंच होतं, बाई! इतके दिवस तो माह्या वाट्याचं खाऊन टाकत होता. मंग त्यानं सांगितलं, याच्या पोटात किडे असतील, गुळातून वावडिंग दे. पोटभर ताकभाकर दे, हाडूक दे. आन काठी फेक. शेणाजवळ गेला का हळूच नाव घेऊन बोलव, वळला का हातातून गुळाची भाकर दे. रोज. थकाचं नाही. आन तरी सोडलं नाही तर शेणात तिखट कालव, एकदा नाक भाजलं का आठवण राहते. माणसाले नाही राहत, कुत्र्याले राहते, असं बी म्हणाला.

मी सारं केलं. वावडिंग देलं. ते किडे पडले त्याचं वर्णन करत नाही. भाकरीचे तुकडे ओच्यात बांधून दिवसभर त्याच्यामांगं फिरली. 'कबऱ्या, ये.' वळला का तुकडा. नाही वळला का मी तशीच उभी. आपल्या गल्लीतले लोक म्हणत, हिरीबाई कुत्र्याची चाकरी करून राह्यली. आन रोज पहाटे गोठ्यासमोर चंद्रीचे जे पोवटे पडत त्यातल्या दोन-तीनात भिवापुरी मिरचीचं तिखट कालवून ठेवाची. पहिल्या दिवशी त्यानं तोंड घातलं, आन असा शिंकला का त्याच्या चारी पायाले कळेना कोणीकडं पळाचं. हौदात डोकं घालून बसला. दुसऱ्या दिवशी बाजूनं आला, तोच प्रसाद. चौथ्या दिवशी त्यानं दुरूनच वास घेतला, माह्याकडं पाहलं, आन स्वतःहून भाकर मागाले आला. फुले, मी त्याचं डोकं छातीशी धरलं आन रडली. कोणी म्हणन कुत्र्यासाठी काय रडते. मी कुत्र्यासाठी रडली नव्हती.

आता ऐक. आपल्या गल्लीची रीत तुले माहीतच हाय, रस्त्यात पडलेल्या पोवट्यात ज्यानं आधी काडी खोवली, शेण त्याचं. भांडण नाही, तंटा नाही, काडी दिसली का दुसऱ्यानं पुढं जावं. तिखटाच्या पोवट्यात मी तुरीच्या काड्या खोवून ठेवाची, म्हणजे पोट्ट्या गवऱ्या थापाले घेऊन जाऊन हात भाजून घेणार नाहीत. पाचव्या दिवशी पाहते तर पोवटे गायब, काड्या भिंतीच्या कडेले पडलेल्या. कबऱ्यानं तर तोंड लावलं नव्हतं, तो माह्याजवळच होता. सहाव्या दिवशी मी दाराच्या फटीतून पाहत बसली. कोण असन? गोजराबाई. टोपलं घेऊन आली, इकडं तिकडं पाहलं, काडी उपटली, फेकली, शेण टोपल्यात. दुसरी काडी उपटली. तिच्या घरची गाय इकली होती, आन लेकीले पाहाले पाहुणे येणार म्हणून तिले गवऱ्या पाहिजे होत्या. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? लग्नकार्याले शेण कोणी नाही म्हणत नाही. पण मागाचं म्हणजे माह्या दारात यावं लागते, आन माह्या डोळ्यात पाहावं लागते.

तिच्या हाताले झोंबलं कसं नाही, हे तू इचारशीन. झोंबलं असन. पण चोरीच्या वस्तूनं हात झोंबले हे कोणाले सांगन ती?

इथंवर जे लिहलं ते मी कोणाच्याही समोर सांगू शकते. आता पुढचं फक्त तुले. कबऱ्याले तिखटाची गरज दहा दिवस होती. माघ सराच्या आधी तो शेणाजवळून असा जात होता जसा ब्राह्मण मटणाच्या दुकानाजवळून जाते. तरी मी रोज पहाटे तिखट कालवतच राह्यली. माघ गेला, सारा फाल्गुन गेला. पहिले चिमटीनं घालत होती, मंग मुठीनं. वर हातानं सारखं करून, ताजं दिसन असं, त्यात काडी खोवाची. काडी असली म्हणजे तिले वाटे, काकूनं राखून ठेवलं म्हणजे चांगलंच असन. वर्षाचं तिखट दोन महिन्यात सरलं. आता मी वरण फिक्कं खाऊन राह्यली, आन सांगते तुले, असं गोड वरण मी जन्मात खाल्लं नाही.

भिंतीवरून मी सारं पाहत होती. गवऱ्या तिनं भिंतीवर थापल्या, वाळवल्या, आन त्यांची येगळी रास रचली स्वयंपाकघराच्या दाराशी. रोजच्या चुलीले जुन्या, परसातल्या. ह्या नव्या, जाड, गोल, एकसारख्या, पाहुण्यांच्या पुरणासाठी राखलेल्या. मले तोंडानं सांगितलं तिनं, 'काकू, यंदा गवऱ्या कशा झाल्या पाहा, एक तुटत नाही.' मी म्हटलं, तुह्या हातालेच गुण हाय, गोजरा.

पाहुणे कोण ते तुले माहीत हाय. तुह्या सासूचा भाऊ भगवंतराव आन त्याचा पोरगा, सीताले पाहाले. गोजराचा डोळा आधीपासून त्या घरावर. तुले जे स्थळ आलं ते तिले सीतासाठी पाहिजे होतं, हे मले मागाहून कळलं, आन मंग 'एका ताटात' कुठून निघालं ते बी कळलं. रामनवमीच्या पुढच्या मंगळवारी बैलांची दमणी आली. भगवंतराव, पोरगा, आन संगं तुही सासू, भावाची करवली बनून. मी आपल्या आंगणात वाल सोलत बसली होती. भिंत माह्या छातीएवढी, तिकडचा श्वास इकडं ऐकू येते. सीता आली, पाया पडली, नाव सांगितलं, सुईत दोरा ओवून दाखवला. पोरगी गुणाची हाय, मी नाही म्हणत नाही. भगवंतराव म्हणे, 'आम्हाले पसंत हाय. पोराले इचारा.' पोरगं लाजलं. गोजरा आतून ओरडली, 'मी तवा ठेवते, तोंड गोड करूनच बोलू!'

नवी रास उघडली. मी वाल सोलाचं थांबवलं.

आधी कोणीतरी एक खोकललं. मंग दुसरं. मंग पोरगं, मंग सीता, मंग सारं घर. असा ठसका, फुले, का त्या घराच्या कवेलूवर बसलेले कावळे उडाले. धूर दारातून आला, खिडकीतून आला, भिंतीवरून माह्याकडं आला, माह्या बी डोळ्यातून पाणी, पण मी उठली नाही. आन भगवंतरावाचा आवाज आला, अर्धा खोकल्यात: 'काय वो बाई, पोट्टी दाखवून झाली नाही तर लगेच मिरच्या? आमच्या डोळ्यात इख हाय का?'

हे माह्या ध्यानात आलं नव्हतं, देवाशपथ. मले वाटलं होतं खोकतील, पुरणपोळ्या करपतील, गोजराचं हसू होईन, झालं. पण मिरच्या चुलीत कव्हा जाळतात? नजर उतरवाले. लेकराले बी माहीत हाय. आन पाहुणा घरात बसला असताना, पोरीकडं पाहून 'पसंत' म्हणून त्याची जीभ वाळली नसताना मिरच्या जाळणं, म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं का तुही नजर वाईट. गोजरा बाहेर पळत आली. 'आन घेते, एक मिरची नाही टाकली! या, चूल पाहा!' भगवंतरावानं खरंच जाऊन पाहलं. चुलीत मिरची नाही, बी नाही, देठ नाही. तर तो अजून बिथरला. म्हणे, 'मिरची नाही आन ठसका हाय, मंग हे काय हाय? नजर नाही तर करणी हाय. चला.' पोरगं मांगं पाहत पाहत गेलं. दमणी जुंपाले लागले. गोजरा मधे उभी राहून हात जोडून राह्यली होती. ज्या हातानं काड्या उपटल्या तेच हात, मी उठून भिंतीवरून पाहले.

तुही सासू दमणीकडं गेली नाही. तिले दिसतच नव्हतं. पदर तोंडाले लावून भिंत चाचपत चाचपत माह्या दारात आली आन बसली. म्हणे, 'व्याहीनबाई, पाणी.' मी देलं. तिनं पेलं. अजून मागितलं. जिच्या नातीचा हात तिच्या माठाले चालत नाही, त्या आजीच्या माठातलं तीन तांबे पाणी पेली ती. तिले तिसऱ्या तांब्याच्या वेळी समजलं असन, कारण तो तिनं सावकाश पेला.

तेवढ्यात चंद्रीनं आंगणात पोवटा टाकला. मी सांगितलं नव्हतं तिले! कबऱ्या उठला, जवळ गेला, लांबूनच वास घेतला, आन येऊन माह्या पायाशी बसला. तुह्या सासूनं डोळे पुसले, परत पाहलं. म्हणे, 'हे तेच?' मी म्हटलं, तेच. मले वाटलं आता म्हणते, आता म्हणते. म्हणाली ती हे: 'कुत्र्याचं माह्या डोळ्यानं पाहलं. पण पोरीचं गोजरानं सांगितलं होतं. एका ताटात जेवतात म्हणे.' मी म्हटलं, मंग गोजरालेच इचारा. ती म्हणे, 'आता तिच्या दारात कोण जाते?' आन दमणीत जाऊन बसली.

तर हे असं हाय. कबऱ्या पास झाला, तू अजून दारातच. आन गोजराचं घर तीन दिवसांपासून बंद. गवऱ्यांची रास तशीच पडली, कोणी हात लावत नाही, दोन दिवस चूल पेटली नाही. गोजराले पाहून मले काय वाटते इचारशीन, तर मले तिळाएवढी दया येत नाही. ती विहिरीवर पदर ओढून येते, बाया तिच्यापासून घागर दूर ठेवतात, तव्हा मले माह्या माठाजवळ उभी असलेली तू दिसते, आन मी मनात म्हणते, घे. पण काल सकाळी सीता इस्तो मागाले आली. खापरात माह्या चुलीतले निखारे घेतले, उठली, परत बसली. डोळे सुजलेले. म्हणे, 'आजी, आमच्या घरावर कोणं करणी केली असन वो? मी कोणाचं काय वाईट केलं?' लहानपणी तू आन ती एका गोधडीत झोपत होत्या. माह्या जिभेवर आलं होतं. निखारे विझू नये म्हणून ती पळाली, म्हणून वाचली मी.

दुपारी मी भिंतीपाशी गेली आन गोजराले हाक मारली. तिले एवढंच सांगितलं: तुह्या धुराचं कारण मले माहीत हाय. करणी नाही, नजर नाही. मी ते कागदावर लिहून पंचफुलाकडं धाडून राह्यली. जऊळक्याले जा, त्याच आंगणात, त्याच बायांसमोर सांग का लग्नाच्या दिवशी मी खोटं बोलली, ही पोर स्वच्छ हाय. मंग पंचफुला कागद वाचन, आन भगवंतराव परत तुह्या दारी येईन. ती माह्याकडं पाहतच राह्यली. मले वाटते तिले तव्हा तिखटाचा वास आला. आज पहाटेपासून तिच्या आंगणात इंद्रभान गाडीच्या चाकाले वंगण घालून राह्यला.

म्हणून हे पत्र, पंचफुले. हे तुह्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवजो. गोजरा आली का घाई करू नोको. तिले बसू दे, पाणी इचारू नोको. ती बोलली, साऱ्यासमोर, पूर्ण बोलली, का मंग हे पत्र काढून तुह्या सासूले पहिल्या ओळीपासून वाचून दाखवजो. ती भावाले सांगन का करणी नव्हती, आन तिले कळन का मी कशी बाई हाय. कळू दे, मले तिच्या घरी नांदाचं नाही. आन एक गोष्ट, ही ओळ मात्र वाचू नोको: गोजरा आली नाही, का आली आन बोलली नाही, तरी आखजीच्या दिवशी, अक्षय तृतीयेले, तू स्वतःहून भगवंतरावाच्या घरी जाजो आन पत्र वाचून दाखवजो. सीताचं लग्न अडलं नाही पाहिजे. त्या पोरीनं माह्या काडीले कव्हा हात लावला नाही. पण ही मुदत गोजराले कळू देऊ नोको. तोवर तिचा घास तिच्या नरड्यात अडकून राहू दे, जसा अकरा महिने तुहा अडकला.

तुहीच, आन या जगात दुसऱ्या कोणाचीच नाही,
आजी हिरीबाई